ताडपत्रीखालचा मांडव

दोन हजार सहा साली सुक्कोत, म्हणजे आमचा मांडवांचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला, आणि देशाचा स्वातंत्र्यदिन नेहमीसारखा नऊ तारखेला. आमच्या म्बाले शहरातल्या जिल्हा कचेरीला यात मोठी सोय दिसली. स्वातंत्र्यदिनासाठी भाड्याने आणलेला शामियाना, तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पोलिसांचं बँडपथक एक दिवस जास्त ठेवलं की काम भागत होतं. म्हणून दहा तारखेला, मंगळवारी, यहुदी समाजाचा सण जिल्ह्याच्या वतीने सरकारी इतमामात साजरा होईल, असं पत्र निघालं. यजमान, जिल्ह्याचे चेअरमन, माननीय क्लेमेंट मुटेन्यो.

आमच्या टेकडीवर ते पत्र ओबेदने आणलं. ओबेद आमच्या शाळेचा हेडमास्तर, सिपोराच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. सिपोरा तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. अंगणात चटईवर कॉफीच्या बिया पसरून ती काळ्या पडलेल्या बिया वेचून टाकत होती. शेजारी तिची नणंद तामारी घेवडा सोलत बसली होती. ओबेदने उभ्याउभ्याच पत्र वाचून दाखवलं.

"सरकारी इतमाम म्हणजे काय रे?" तामारीने विचारलं.

"म्हणजे झेंडा, बँड, भाषणं. मग जेवण."

"कोंबडी कोण कापणार?"

"आत्या, कोंबडीचं बघू नंतर."

"नंतर कसं? कापून झाल्यावर बघणार? आपल्या माणसाने कापली नाही तर मी हात लावणार नाही, सांगून ठेवते."

"तू आलीस तर ना लावशील," ओबेद म्हणाला, आणि पत्राचं दुसरं पान उलटताना त्याचा आवाज जरा उतरला.

दुसऱ्या पानावर जमिनीचं होतं. आमची शाळा टेकडीच्या माथ्यावर, दोनशे दहा मुलं, पण खालची जमीन सरकारी. तिचा कागद शाळेच्या नावावर व्हावा म्हणून ओबेद आठ वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. त्याच साली शहरातला एक सिमेंटवाला दोनदा येऊन फुटबॉलच्या मैदानात खुंट्या मारून गेला होता. त्याला तिथे हॉटेल बांधायचं होतं, टेकडीवरून डोंगर फार छान दिसतो म्हणे. आता पत्रात लिहिलं होतं, की सणाच्या समारंभात चेअरमन स्वतःच्या हाताने जमिनीचा कागद शाळेला देतील. त्याआधी समाजातली ज्येष्ठ महिला त्यांचं परंपरेप्रमाणे स्वागत करेल आणि मांडवात बसवेल.

परंपरेप्रमाणे म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे बाई मोठ्या माणसाला नमस्कार करते तो गुडघे टेकून.

"ज्येष्ठ महिला म्हणजे मीच की," तामारी म्हणाली. "मला एकाहत्तरावं लागलंय."

"आत्या, तू काय करशील मला माहितेय."

"काय करीन?"

"थुंकशील."

"तोंडावर थुंकीन. बुटावर थुंकण्यात काय अर्थ आहे?"

ओबेदने सिपोराकडे पाहिलं. ती बिया निवडतच होती. "मावशी, तुला जमेल का? मी जबरदस्ती करत नाही. पण कागद आहे."

"कळलं," सिपोरा म्हणाली.

"म्हणजे करशील?"

"कागद आहे म्हणालास ना."

तामारीने घेवड्याची टोपली उचलली आणि ती तरातरा आपल्या घरात गेली. तिचं दार आपटल्याचा आवाज आला नाही, कारण तिच्या दाराला बिजागरी नव्हती. नाहीतर आला असता.

हे सगळं का, ते सांगायला एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालात जावं लागतं. लष्करशहा अमीनचं राज्य होतं आणि आमचा धर्म बंद होता. प्रार्थनाघराला कुलूप, शनिवारी चारपेक्षा जास्त माणसं एका घरात दिसली तर चौकशी. बरेच जण दुसऱ्या धर्मात गेले. त्यांनाही दोष देता येत नाही, पोरंबाळं होती. सिपोराचा नवरा येरेमिया मात्र हट्टी. त्याने त्या साली घरामागे कॉफीच्या झाडांत छोटासा मांडव घातला. लांबून शेळ्यांचा गोठा वाटावा असा. तीन माणसं दाटीने बसतील एवढा. छपराला खालच्या दलदलीतला उंच लव्हाळा. तो असा पातळ पसरला होता, की आत बसलं की वर आभाळ दिसत होतं. तसं दिसलंच पाहिजे, त्याशिवाय तो मांडव नाही. जमिनीत उगवून कापलेलं, पानापाल्याचं छप्पर, आणि त्याच्यावर दुसरं काही नाही.

कुणीतरी सांगितलं. कोणी, ते आजही टेकडीवर सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. सणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मुटेन्यो आला. तेव्हा तो आमच्या भागाचा चीफ, म्हणजे सरकारने नेमलेला प्रमुख होता, सव्वीस वर्षांचा, नवीन बूट घातलेला. बरोबर चार माणसं. त्याने सिपोराच्याच स्वयंपाकघरातलं स्टूल मागवून घेतलं आणि मागच्या अंगणात बसून तो आपल्या माणसांना मांडव मोडताना पाहत राहिला. मध्येच त्याने पाणी मागितलं. सिपोराने पाणी आणलं. गुडघे टेकून दिलं. बाई पाणी देते ते असंच देते, आणि त्या क्षणी दुसरं काही करायचं सुचलंही नाही. पाणी पिऊन त्याने भांडं परत केलं, "थंड आहे" म्हणाला, आणि येरेमियाला घेऊन गेला.

येरेमिया एकोणीस दिवसांनी परत आला. चालत आला. त्याचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्याने मांडव पुन्हा घातला नाही, प्रार्थना मोठ्याने म्हटली नाही, आणि अठ्ठ्याहत्तर साली छातीच्या दुखण्याने तो गेला. पुढच्याच वर्षी राज्य पालटलं, बंदी उठली, टेकडीवर नाचगाणी झाली. सिपोराही त्यांत होती. टाळ्या वाजवत होती. आपले हात टाळ्या वाजवताहेत हे ती बघत होती, एवढंच.

पाणी दिल्याचं तिने तामारीला कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही त्यात आहे असं तिला वाटलं नव्हतं.

सणाच्या आदल्या आठवड्यात तामारी रोज येऊन काहीतरी बोलून जायची.

"वहिनी, गुडघ्याला तेल लाव हो. सवय राहिली नसेल."

"लावते."

"चटई घेऊन जा बरोबर. नाहीतर साहेबांसमोर कपड्यांना माती लागायची."

"बरं."

"माझा भाऊ वरून बघत असेल."

"बघू दे," सिपोरा म्हणाली. यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सिपोराला राग आला असता तर तामारीला बरं वाटलं असतं. ती थोडा वेळ उभी राहायची आणि मग बांबूचे वाळवलेले कोंब नाहीतर थोडी नाचणी उगाचच ठेवून निघून जायची.

ओबेदची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. सोमवारी स्वातंत्र्यदिनाचा समारंभ आटोपल्यावर कंत्राटदाराची माणसं शामियाना उचलून आमच्या मैदानात घेऊन आली, आणि आमचा मांडव त्यांनी त्या शामियान्याच्या आत बांधला. निळीपांढरी ताडपत्री वर, खाली बांबूचे चार खांब आणि त्यांवर केळीची पानं. दिसायला सुरेख. जिल्हा कचेरीच्या समारंभ विभागाची हॅरिएट नावाची तरुण बाई देखरेखीला होती.

"मॅडम, मांडव बाहेर हवा," ओबेद तिला म्हणाला. "वर आभाळ लागतं."

"मास्तर, ऑक्टोबर आहे. आभाळातून काय पडतं ते तुम्हाला माहितेय. चेअरमनसाहेब भिजले तर माझी नोकरी जाईल."

"पण मग तो मांडव होत नाही."

"खांब आहेत, पानं आहेत. मांडव नाही तर काय आहे?"

ओबेदने मान डोलावली. हेडमास्तर माणूस, धर्मशास्त्र शिकलेला; ताडपत्रीखालचा मांडव म्हणजे नुसती पानं टांगलेली जागा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याने मनाशी हिशेब केला, की आशीर्वाद आपणच म्हणणार आहोत, देवाचं नाव येईल तिथे ओठ नुसते हलवू, कुणाला कळणार आहे? देवाचं नाव फुकट घेतलं नाही आणि कागदही मिळाला.

मंगळवारी दुपारी दोनची वेळ होती. चेअरमन सव्वातीनला आले. बँड वाजला. शाळेची मुलं झेंडे हलवून दमली होती, तरी हलवत होती. परदेशी पाहुणे आले होते, म्बालेच्या रेडिओचा माणूस आला होता, दोन फोटोवाले आले होते. तामारी येणार नाही म्हणाली होती. ती शेवटच्या रांगेत, खुर्ची उलटी करून, पाठ फिरवून बसली होती.

सिपोरा शामियान्याच्या तोंडाशी उभी होती. मुटेन्यो गाडीतून उतरला. अठ्ठावन्न वर्षांचा, जाड, हातात काठी. तो समोर येताच तिने गुडघे टेकले. आठवडाभर जिच्यासाठी सगळी टेकडी श्वास रोखून होती ती गोष्ट तेवढ्यात होऊन गेली.

"मुलेंबे," ती म्हणाली. आमच्याकडे असंच विचारतात, शांती आहे का.

"मुलेंबे, आई," तो म्हणाला.

ती वाट पाहत होती. काहीतरी वर येईल असं तिला आठवडाभर वाटत होतं, संताप, रडू, निदान अंगावर काटा. काही आलं नाही. गुडघ्यातून कळ आली, ती संधिवाताची. उठता येईना. मुटेन्योने हात पुढे केला आणि तो धरून ती उठली. हात गरम होता, घामेजलेला. फोटोवाल्यांनी त्याचाच फोटो काढला.

भाषणं झाली. चेअरमन म्हणाले, या जिल्ह्यात प्रत्येक समाजाला मोकळेपणा आहे, नेहमीच होता, मध्यंतरी काही काळ देशावर कठीण दिवस आले होते. टाळ्या झाल्या. मग ते मांडवातल्या खुर्चीवर बसले, शेजारी सिपोराला बसवलं. समोर टेबलावर भाकर. ओबेद आशीर्वाद म्हणायला पुढे आला, ओठ कसे हलवायचे ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

"थांबा मास्तर," मुटेन्यो म्हणाला. माणूस मुरलेला होता, सभा कशी जिंकायची त्याला कळत होतं. "या आईने माझं स्वागत केलं. घरात पहिला शब्द वडीलधाऱ्यांचा. आशीर्वाद आई देतील."

पुन्हा टाळ्या. रेडिओवाल्याने माईक सिपोरासमोर धरला.

तिने वर पाहिलं. केळीची पानं होती. पानांच्या वर ताडपत्री होती.

"हे नाही म्हणता येणार," ती म्हणाली. माईकमधून ते मैदानभर ऐकू गेलं.

ओबेद वाकून कानाशी आला. "मावशी, म्हणून टाक. नुसते ओठ हलव. कागद त्याच्या खिशात आहे, मी पाहिलाय."

"ओठ हलवायचे म्हणजे?"

"अगं, म्हटल्यासारखं कर."

"कसं करू? मांडव नाही हा." मग ती मुटेन्योकडे वळली. आवाज चढवला नाही, घाबरलीही नाही. पातेल्याला भोक आहे असं सांगावं तसं सांगितलं. "साहेब, वर कापड आहे. कापड असलं की मांडव होत नाही. मांडव नाही तर आशीर्वाद नाही. देवाचं नाव फुकट जातं."

मागच्या रांगेत तामारीने खुर्ची फिरवली.

हॅरिएट धावत आली. "सर, पावसाचं आहे म्हणून आम्ही..."

मुटेन्यो सिपोराकडे पाहत होता. ओबेद नंतर सांगायचा, की त्या अर्ध्या मिनिटात आपल्या डोळ्यांसमोरून शाळा, मैदान, खुंट्या, सिमेंटवाल्याचं हॉटेल, सगळं गेलं. आणि सिपोरा? ती भाकरीवर बसलेली माशी हाकलत होती. कागद गेला तर तिच्यामुळे जाणार होता, हे तिला समजत होतं. म्हणता येण्यासारखं असतं तर ती म्हणाली असती. जिने गुडघे टेकले तिला दोन ओळी जड नव्हत्या. पण मांडव नव्हता.

"काढा," मुटेन्यो म्हणाला.

"सर?"

"ताडपत्री काढा. आई म्हणतात मांडव नाही, तर नाही. आपण त्यांच्या सणाला आलोत ना? का आपल्या?" लोक हसले. तोही हसला. फोटोवाले पुढे सरकले.

कंत्राटदाराची माणसं आणि चार पोलीस दोऱ्या सोडू लागले. मुटेन्यो काठी टेकून, खुर्चीत बसून बघत राहिला. ताडपत्री एका बाजूने सुटली, लोंबली, मग सगळीच खाली घसरली आणि वरचं राखाडी आभाळ दिसलं. पाच मिनिटांत भुरभुर सुरू झाली. अधिकारी एकेक करून गाड्यांकडे निघाले. पाहुण्यांनी छत्र्या उघडल्या. मुलांना मजा वाटली.

भाकर भिजण्याइतका पाऊस आला तर मांडव सोडून घरात जायची मुभा आहे, शास्त्रातच आहे. सिपोराला ते माहीत होतं. तिने सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. पाऊस अजून तेवढा नव्हताही. तिने आशीर्वाद म्हटला, पूर्ण, नावासकट, आणि भाकर मोडून आधी स्वतः खाल्ली, मग एक तुकडा मुटेन्योला दिला. "आमेन," तो म्हणाला. त्याच्या कोटाच्या खांद्यांवर थेंब होते.

बँडवाले वाद्यं झाकायला धावले होते. माईक रेडिओवाल्याने पिशवीत घातला होता. तेव्हा मुटेन्यो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "त्याचा चांगला होता. तुमच्या माणसाचा. केळीची पानं किती बारकाईने लावली होती."

म्हणजे त्याला आठवत होतं.

"केळीची नव्हती," सिपोरा म्हणाली. "लव्हाळा होता."

त्याने थोडा विचार केला. "हो. लव्हाळा."

तो आणखी काही म्हणेल अशी वाट तिने पाहिली नाही, आणि आपण काही म्हणावं असंही तिला वाटलं नाही. त्याने तुकडा संपवला, हात झटकले, कोटाच्या खिशातला लिफाफा काढून ओबेदला दिला, आणि तो पोलिसाच्या छत्रीखालून गाडीत जाऊन बसला. सरकारी जेवणातली कोंबडी आमच्यापैकी कुणी खाल्ली नाही. शेंगदाण्याचं कालवण आणि केळी खाऊन आम्ही घरी गेलो.

वाटेत तामारीने सिपोराला गाठलं. दोघी भिजलेल्या.

"काय म्हणाला ग तो?"

"छपराचं काहीतरी."

"आणि तू?"

"त्याचं चुकत होतं, ते सांगितलं."

तामारीने चाल हळू केली. मग म्हणाली, "पाय दुखत असतील. खांद्यावर हात ठेव माझ्या."

"त्याला मी पूर्वीही एकदा गुडघे टेकून पाणी दिलंय, तामारी. येरेमियाला नेलं त्या दिवशी."

"माहितेय," तामारी म्हणाली. "मी कॉफीच्या झाडांत होते. लपून. बाहेर आले नाही मी." एवढं बोलून ती पुढे झाली, आणि सिपोराने खांद्यावर हात ठेवला की नाही, ते त्या दोघींनाच ठाऊक.

लिफाफ्यात कागद होता, पण कच्चा. पक्का व्हायला आणखी तीन वर्षं लागली, आणि त्यात मैदानाचा पूर्वेकडचा तुकडा धरलेला नव्हता. तिथे आज सिमेंटवाल्याचं हॉटेल आहे, फार चालत नाही. शाळा मात्र आहे, आता साडेतीनशे मुलं आहेत. ओबेद दोन हजार सोळात निवृत्त झाला, त्याला रक्तदाब आहे, आणि तो अजून त्या पूर्वेच्या तुकड्यासाठी अर्ज करतो. हॅरिएटची नोकरी गेली नाही, तिला बढती मिळून ती राजधानीला, कंपालाला गेली. जिल्ह्याने पुढल्या वर्षी सण केला नाही. निवडणूक जवळ नव्हती.

मुटेन्यो पुढची निवडणूक हरला आणि चौदा साली मधुमेहाने गेला. त्याच्या मातीला आमच्या टेकडीवरून एकच माणूस गेलं, तामारी. का गेलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "नीट पुरलाय ना, बघून आले." ती स्वतः त्यानंतर दोन वर्षांनी झोपेतच गेली.

सिपोरा सगळ्यांच्या मागे राहिली. परदेशी पाहुणे यायचे, त्यांना ती गोष्ट कुणीतरी सांगितलेली असायची, आणि ते विचारायचे, आजी, त्या दिवशी काय वाटलं? ती म्हणायची, गुडघे दुखले. त्यांना वाटायचं ती लपवते आहे. ती लपवत नव्हती. एकोणीस साली, पावसाळा संपता संपता, ती वारली. शाळेच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही, आणि ते असावं असं तिने कधी म्हटलंही नव्हतं.